नियम आठवा

कुओपिओच्या अळंबीवाल्यांच्या ग्रुपात
आम्ही चार हजार एकशे बारा.
ॲडमिन एकच: हिल्का.
निवृत्त पोस्टमास्तरीण. अजूनही माणसाकडे
तिकीट लावायचं राहिलंय अशा नजरेनं बघते.
दुय्यम ॲडमिन मी.
मला काही पुसता येत नाही,
फक्त लक्षात आणून देता येतं.

मंगळवारी रात्री ओस्मोनं फोटो टाकला:
टोपलीभर पिवळीधमक कांतारेली,
टोपलीमागे न खुडलेल्यांची रांग,
आणि अगदी कोपऱ्यात
एक लाल पत्रपेटी. वाकडी, बिनझाकणाची.
सहा मिनिटांत फोटो गायब.
"नियम सातवा: पार्श्वभूमी दिसू नये."
तोवर नियम सहाच होते.
सातव्याची शाई ओली होती.

मी एकतीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं
(शाळेत, तेही शुक्रवारी शेवटच्या तासाला).
म्हटलं, एवढं शहाणपण गंजतंय, वापरू या.
हिल्काला फोन लावला.

म्हटलं, जास्तीत जास्त लोकांचं
जास्तीत जास्त सुख बघावं.
ती म्हणाली, टोपलीत तीन किलो.
भागिले चार हजार एकशे बारा.
माणशी पाऊण ग्रॅमही सुख येत नाही,
आणि लोण्यात परतलं की त्याचंही निम्मं.

म्हटलं, ते सोड. तू केलंस
तोच साऱ्या जगाचा नियम झाला तर?
सगळ्यांनी सगळ्यांचं पुसून टाकलं तर?
ती जरा वेळ गप्प.
"किती शांत होईल," म्हणाली.
खरं सांगतो, आवाजात प्रार्थना होती.

मग मी अज्ञानाचा पडदा सोडला.
समज, जन्माआधी तुला ठाऊकच नाही
तू ॲडमिन होणार की ओस्मो...
"ओस्मो?"
एवढंच म्हणाली. पडदा टरकन फाटला.

उरला करार. आत येताना प्रत्येकानं
"नियम वाचले" या चौकटीत खूण केली आहे.
वाचले कोणी? मीही नाही,
आणि सहावा तर मीच लिहिलाय.

सुवर्णमध्य मात्र तिला पटला.
फोटो तिनं परत टाकला, मधोमध कापून.
पेटी गेली, टोपली गेली,
उरला ओस्मोचा डावा बूट.
त्याला दोनशे सहा बदाम आले.

बुधवारी ओस्मोनं वेगळी चूल मांडली: "मुक्त अळंबी".
सभासद एकोणीस. नियम एकच, हिल्का नको.
गुरुवारपर्यंत नियम अकरा.
एल्सीला काढलं. तिनं विचारलं होतं,
मुक्त म्हणजे नक्की कोणापासून?
आपण पुसलं की शिस्त,
दुसऱ्यानं पुसलं की जुलूम.
तिथेही दुय्यम मीच.

शनिवारी पहाटे, कल्लावेसीवरचं धुकं उठायच्या आत,
एकमेकांना न सांगता दोघंही
लाल पेटीपाशी हजर.
मला दोघांचे निरोप एकाच मिनिटाला:
इथे काही नाही.
देठ चाकूनं नीट कापलेले,
शेवाळ हळुवार परत थापलेलं.
"कसला माणूस असेल?" हिल्का म्हणाली.
ओस्मोनंही शब्द न शब्द तेच लिहिलं.
दोन्ही ग्रुपांचं हे पहिलं एकमत.

फोटो सहा मिनिटं होता.
सहा मिनिटं पुष्कळ होतात.

परिणामावरून पारखायचं, तर परिणाम कढईत आहे,
आणि उत्तम झालाय.
हेतूवरून, तर हेतूही शुद्ध होता,
वर ताजी शेपू घातली होती.
चारित्र्याचं म्हणाल, तर शेवाळ थापलं की नाही?
आणि कर्तव्यात मी कसूर केली नाही:
दोन्हीकडे लक्षात आणून दिलं
की जंगलात चोर फिरतात,
फोटो जपून टाका.

आता एक नवा नियम करायचं घाटतंय.
हिल्का म्हणते, तुझ्यासारखा
निःपक्षपाती माणूस मिळायचा नाही.
मसुदा माझ्याकडे आहे. वर लिहिलंय:
नियम आठवा.